सम आकडे

"आकडा वाचा, मॅडम," कुंटेसाहेब म्हणाले.

मी मातीत गुडघे टेकून बसले होते. मीटरवर पदराची सावली धरली आणि डोळा काट्याच्या बरोबर वर आणला. "करंट पॉइंट पाच. व्होल्ट सत्तेचाळीस."

"लिहा, इंगळे."

हवालदार इंगळे केळीच्या उपड्या क्रेटवर बसून मांडीवर पंचनामा लिहीत होते. "सत्तेचाळीस भागिले पॉइंट पाच," ते पुटपुटले आणि थांबले. "हे काही आमचं काम नाही बुवा."

"चौऱ्याण्णव," मी म्हटलं.

"चौऱ्याण्णव काय?"

"ओहम."

"एवढे बरे असतात का वाईट?"

मोजणीसाठी लांब ठोकलेल्या सळईपाशी ज्योत्स्ना उभी होती. हातातलं वायरचं भेंडोळं तिनं या हातातून त्या हातात घेतलं, एवढंच.

आम्ही बसलो होतो त्या पॅकहाउसात परवा सकाळी बेबाबाई कोळी विजेचा धक्का बसून गेली होती. केळीच्या फण्या धुवायचे दोन लांब हौद, त्यातलं पाणी फिरवत ठेवणारा एक पंप, आणि दिवसभर ओल्या हातांनी उभ्या राहणाऱ्या चौदा बायका. पंप पत्र्याच्या आडोशाला होता, तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. परवा पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला, तो काढायला बेबाबाई गेली आणि पंपाच्या लोखंडी अंगाला तिचा हात लागला.

पंपाच्या आत वायरचं आवरण जळून गेलं होतं. असं होऊ शकतं. झालं तरी माणूस मरू नये म्हणून पंपाचं अंग पट्टीनं जमिनीतल्या खड्ड्याशी जोडलेलं असतं. मीठ आणि कोळसा भरलेला, अधूनमधून पाणी घालून ओला ठेवायचा अर्थिंगचा खड्डा. त्याचा रोध तीन-चार ओहम असला तर वाट चुकलेली वीज धो धो जमिनीत जाते आणि फ्यूज त्याच क्षणी उडतो. रोध शंभराच्या घरात असला तर वीज थोडी थोडी झिरपते, फ्यूज उडत नाही आणि पंप चालूच राहतो.

चौकशीला जिल्ह्याहून विद्युत निरीक्षक कुंटेसाहेब आले होते. त्यांचं स्वतःचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून त्यांनी आमच्या ज्युनिअर कॉलेजकडे मीटर मागितले. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा माझ्याकडे होती. मीटर पोलिसांच्या जीपमध्ये एकटे पाठवायला मन धजेना, तेव्हा मीच बरोबर गेले. इंगळ्यांना एक पंच कमी पडत होता. "सरोदे मॅडम सरकारी पगारी आहेत, झालं काम," म्हणत त्यांनी माझं नाव घालून टाकलं. दुसरे पंच गावचे पोलीस पाटील. ते लिंबाखाली खुर्चीत डुलक्या घेत होते.

ठरवायचं होतं ते एकच. खड्डा बिघडला कधी?

दर महिन्याला खड्ड्याचा रोध मोजायचा आणि नोंदवहीत सही करायची, हे काम ज्योत्स्ना फेगडेचं. नोंद खरी असेल आणि खड्डा नंतर उन्हानं वाळला असेल, तर दोष कुणाचाच नव्हता. नोंद खोटी असेल तर तिचा परवाना जाणार, गुन्हा दाखल होणार, कदाचित अटकही होणार.

ज्योत्स्ना माझी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिनं डिप्लोमा केला आणि सुपरवायझरचा परवाना काढला. अर्जाला जोडलेला चारित्र्याचा दाखला माझ्या हातचा होता. तापीच्या त्या पट्ट्यात हा परवाना मिळालेली ती पहिलीच मुलगी. लूनाच्या मागे टूलबॉक्स बांधून ती अकरा पॅकहाउसं बघायची. पोरं मागून "वायरमनीणबाई" म्हणून ओरडत, आणि त्यांच्याच घरची मोटर बंद पडली की तिच्या दारात येऊन उभी राहत.

"तिसरं घ्या," कुंटेसाहेब म्हणाले.

करंट वाढवायला मी रिओस्टॅट सरकवला. पॉइंट पंचाहत्तर अँपिअर, त्र्याहत्तर व्होल्ट. पहिल्या वेळी अठ्ठ्याण्णव आले होते, मग चौऱ्याण्णव, आता सत्त्याण्णव आणि वर थोडे.

"तिन्ही वेगळे कसे हो?" इंगळे म्हणाले. "एकच काहीतरी सांगा ना."

"खरे असले की वेगळेच येतात," मी म्हटलं. "सरासरी शहाण्णव धरा."

वायर गुंडाळायला ज्योत्स्ना जवळ आली. मीटरच्या लाकडी पेटीकडे, काचेखालच्या बारीक बारीक रेघांकडे ती बघत राहिली.

"हे आपल्या कॉलेजचे मीटर आहेत, मॅडम?"

"हो."

"आम्हाला कधी दिसले नाहीत."

"कपाटात असायचे. तपासणीला कमिटी येते, त्यांना दाखवायला."

"कुलपात?"

"हो."

तिनं पेटीचं झाकण हलक्या हातानं लावलं आणि कडी अडकवली.

चहा आला. कुंटेसाहेबांनी नोंदवही मागवली, पानं चाळली आणि पंच म्हणून माझ्यापुढे सरकवली. "बघून घ्या. टापटीप आहे पोरीची. शेवटची नोंद पाच एप्रिलची. आज सव्वीस. तीन आठवड्यांत वाळला म्हणायचा."

अक्षर मी लगेच ओळखलं. आखलेले रकाने, व्होल्ट, अँपिअर, ओहम. पाच एप्रिल: सहा पॉइंट चार व्होल्टला दोन अँपिअर, रोध तीन पॉइंट दोन. आठ पॉइंट दोनला अडीच, रोध तीन पॉइंट अठ्ठावीस. नऊ पॉइंट दोनला तीन, रोध तीन पॉइंट शून्य सात. सरासरी तीन पॉइंट दोन. पहिला बरोबर, दुसरा किंचित वर, तिसरा किंचित खाली.

मी मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं उलटलं. दोन वर्षांच्या चोवीस नोंदी, नोंदीला तीन वाचनं. बहात्तर वेळा व्होल्ट लिहिलेले, आणि एकाही आकड्याच्या शेवटी एक नाही, तीन नाही, पाच, सात, नऊ नाही. सगळे सम. ज्योत्स्नाचं मीटर डिजिटल होतं. त्यात सात दिसतो, नऊही दिसतो. बहात्तर वेळा मोजून एकदाही विषम आकडा येत नाही, असं होत नाही.

चहावर साय धरली. मी कप खाली ठेवला.

तेवढ्यात हौदापाशी बसलेली एक बाई उठून आली. नाव सुमन. बेबाबाईच्या शेजारी उभी राहून फण्या धुणारी.

"साहेब, मला एक सांगायचंय. तो खड्डा आहे ना, तठी आम्ही जेवणाचे डबे ठेवो."

"बरं मग?"

"भाजी कोमट राहे. होळीपासून. पहाटे आलो तरी तठी ऊब. सावलीतली जागा, सूर्य उगवायचा बाकी राहे, तरी पायाला ऊब लागे. बेबा म्हणे, धरतीमायला ताप आला व बाई, काढा पाजा तिला." ती हसायला गेली आणि तोंडावर पदर घेतला.

इंगळ्यांनी पेन उचललं. "लिहू का, साहेब?"

"काय लिहिता? भाजी कोमट राहायची, असं?"

इंगळ्यांनी पेन खाली ठेवलं. सुमन थोडा वेळ उभी राहिली आणि परत जाऊन बसली.

मी मात्र मनात गणित मांडून बसले होते. दोनशे तीस व्होल्ट. खड्डा खरोखर तीन पॉइंट दोनचा असता तर त्यातून बहात्तर अँपिअर गेले असते आणि वीसचा फ्यूज डोळ्याचं पातं लवायच्या आत उडाला असता. जमीन तापायला वेळच मिळाला नसता. शहाण्णव ओहमला जातात दोन पॉइंट चार अँपिअर. दोनशे तीस गुणिले दोन पॉइंट चार, साडेपाचशे वॅट. एक लहान इस्त्री मातीत पुरून, पंप सुरू असेपर्यंत चालू ठेवली, तर जेवढी उष्णता निघेल तेवढी. ती इस्त्री होळीपासून चालू होती. म्हणजे पाच एप्रिलला, नोंदवहीत तीन पॉइंट दोन लिहिलं गेलं त्या दिवशी, बायका तिथंच डबे गरम ठेवत होत्या.

मी उठले. "ज्योत्स्ना, जरा इकडे ये."

आम्ही पत्र्यामागे गेलो. पंप तिथंच होता, वायरी सोडवून आडवा टाकलेला.

"ह्या खड्ड्याला तू कधी मीटर लावलं होतंस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचा विचार तिच्या डोळ्यांत आलाच नाही. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"एकदा. काम धरलं तेव्हा. पहिल्याच महिन्यात."

"किती आले?"

"एकोणीस."

"मग?"

"मग परत मोजलं. परत एकोणीस, अठरा असेच आले. मालक म्हणाले, पाचच्या आत पाहिजे, सगळ्यांचे तीन-साडेतीन येतात, तुझंच मीटर गंडलंय. मलाही तसंच वाटलं."

"तसं का वाटलं?"

"असं काय विचारता, मॅडम? लॅबमध्ये असंच व्हायचं ना! कॉइलवर पाच लिहिलेलं असायचं आणि आम्हाला सात यायचे. तुम्ही म्हणायच्या, कॉइल पाचचीच आहे, मीटर खोटं बोलतंय. उत्तर ठरलेलं आहे, मागून लिहीत या."

ती आरोप करत नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होती, वर्गात द्यायची तसंच, पाठ सरळ ठेवून.

"आणि व्होल्ट सम," ती म्हणाली. "आपल्या व्होल्टमीटरला पॉइंट दोन-दोनच्या रेघा होत्या, वाचन समच यायचं. तुम्ही सांगितलं होतं, विषम लिहाल तर परीक्षकाला कळेल की काटा बघितलाच नाही. तिन्ही उत्तरं सारखी काढू नका, एक वर, एक खाली. तेच हातात बसलं. माझं मीटर वेगळं आहे हे लिहिताना कधी डोक्यातच आलं नाही."

हे सगळं मी सांगितलं होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या अमीटरांचे काटे अडकायचे, रिओस्टॅटची तार जळलेली होती, आणि बाहेरून येणारा परीक्षक फक्त शेवटचं उत्तर बघायचा. सात लिहिणाऱ्या मुलाचे गुण जायचे, गुणांबरोबर प्रवेश जायचा. चौदा वर्षं मी दर फेब्रुवारीत प्रत्येक टेबलाजवळ थांबून हे कानात सांगत आले होते. मला ती माया वाटायची. चांगले मीटर द्यावेत, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पोरं फोडतील, मग भरून कोण देणार, असं वाटायचं.

"बेबाबाई मला रोज डझनभर केळी बांधून द्यायची," ज्योत्स्ना म्हणाली. "नको म्हटलं तरी लूनाला अडकवायची." मग ती म्हणाली, "तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा साहेबांना. मी नाही म्हणणार नाही."

मी सांगितलं. आधी गणित सांगितलं. बहात्तर अँपिअर, फ्यूज, साडेपाचशे वॅट, होळी. कुंटेसाहेबांनी नीट ऐकलं, एकदा मान डोलावली. गणित त्यांना पटलं होतं.

"पण होळीपासून गरम होता, हे कशावरून?"

"ती बाई सांगते आहे ना."

"ती सांगते कोमट. कोमट म्हणजे किती अंश, मॅडम? कुणी मोजलं? विज्ञान शिकवता तुम्ही."

"साहेब, ही वाचनं घेतलेलीच नाहीत," मी नोंदवहीवर बोट ठेवलं. "बहात्तर आकडे आहेत. सगळे सम."

त्यांनी चष्मा लावून एक पान पाहिलं. मग दुसरं. मग सावकाश वही मिटली.

"बरं लक्षात आलं तुमच्या."

"मीच शिकवलंय. ही माझी विद्यार्थिनी आहे. आमचे मीटर खराब होते, म्हणून मी मुलांना उत्तरावरून आकडे लिहायला शिकवत होते. तेही लिहा. माझं नाव घालून लिहा."

इंगळे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. पोलीस पाटील जागे झाले होते. कुंटेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या व्होल्टमीटरचा लहान भाग केवढा होता?"

"पॉइंट दोन."

"आमच्या कॉलेजात पॉइंट पाच होता," ते म्हणाले. "आमचे सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर."

ते हसले नाहीत. मीही नाही.

"जिल्ह्यात अशा अकराशे नोंदवह्या आहेत," जरा वेळानं ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे एकदा कागदावर आलं की प्रत्येक वहीतले सम-विषम मोजत बसावं लागेल. आणि प्रत्येक वहीत वर्षाकाठी तपासणीची सही आहे. कुणाची आहे, ते तुम्हाला सांगायला नको. पोरीला घरी जाऊ द्या. तुम्हीही जा. गेलेली बाई काही परत येत नाही."

"पण खड्डा वाळला म्हणून ती गेली, असं होईल."

"वाळलाच आहे की. तुम्हीच मोजलात, शहाण्णव."

पंचनामा इंगळ्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. उन्हाळ्यामुळे माती कोरडी पडून खड्ड्याचा रोध वाढला. नोंदवही नियमित व समाधानकारक. मयत हिने काम सोडून ओल्या हाताने पंपास स्पर्श केला. त्या कागदात मोजलेले आकडे तीनच होते, अठ्ठ्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. ते माझे होते.

सुमन हौदाच्या कडेवर बसून ऐकत होती. "पाला काढणं कामच व्हतं ना, साहेब?" ती म्हणाली. "पाणी तुंबलं तं मालक आमच्यावरच वरडे."

"वाचून दाखवलं, बरोबर आहे," इंगळ्यांनी शेवटची ओळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे धरला. "इथं सही, मॅडम."

मी सही केली.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना कॉलेजात आली आणि कपाटातले मीटर आठवडाभर मागितले. मी किल्ली काढून तिच्या हातात दिली. नवव्या दिवशी तिनं पेटी परत आणली, पुसून, आणि बरोबर वहीतून फाडलेला एक कागद. अकरा खड्डे. एकवीस, अडतीस, त्रेपन्न, पाच, एकोणतीस. फक्त दोन ठीक होते. आकडे वेडेवाकडे होते, सम-विषम कसेही, एकाची दुसऱ्याशी सोयरीक नव्हती. इतका सुंदर निरीक्षणतक्ता मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"मालकांना दाखवलं?"

"नऊ जणांना दाखवलं. नऊ जणांनी काम काढून घेतलं. सावद्याचा कुणी एक जण आता सगळीकडे बघतोय. त्याचे तीन पॉइंट एक येतात." तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला. "हा कुठं द्यायचा असतो, मॅडम?"

मी तो जिल्ह्याला पाठवला. पोच आली, शिक्का मारलेली. नंतर काही आलं नाही. ज्योत्स्नानं पुढच्या दिवाळीत लूना विकली आणि लग्न करून ती सुरतेला गेली. परवान्याचं नूतनीकरण तिनं केलं नाही, असं कुणीतरी सांगितलं.

पुढच्या फेब्रुवारीत मी कपाटाचं कुलूप काढलं. चांगले मीटर दोनच होते आणि टेबलं बारा. बाकीच्या मुलांना मी सांगितलं, येईल ते लिहा, सात आले तर सात. परीक्षकांनी सत्तावीस जणांचे गुण कापले. पालक आले, प्राचार्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं. एका मुलीचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. तिच्या वडिलांनी मला काही बोल लावला नाही. नुसतेच व्हरांड्यात तासभर बसून राहिले.

त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या सकाळी, खिडकीजवळच्या टेबलापाशी एक सडपातळ मुलगी वहीकडे बघत उभी होती. बाहेर परीक्षकांची गाडी लागल्याचा आवाज आला.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मला सात पॉइंट एक येताहेत. पाच यायला पाहिजेत ना?"

मी तिचं मीटर पाहिलं. काटा अडकला होता. काचेवर टिचकी मारली, तरी हलला नाही. जिन्यावर प्राचार्यांचं हसणं ऐकू येत होतं, परीक्षकांना वर आणत होते.

"पाच लिही," मी म्हटलं. "आणि व्होल्ट सम ठेव."